तलंगा अंड्यावर कधी येतात?

प्रश्न : परसात सहा तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, आहेत. पाच महिने उलटले तरी एकही अंडे नाही. लेअर खाद्य आताच सुरू केले तर त्या लवकर अंड्यावर येतील का?

नाही, आणि घाई केलीत तर नुकसानच होईल. लेअर खाद्यात, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. वाढत्या तलंगेला एक टक्क्याच्या आसपास पुरते. जास्तीचे कॅल्शियम बाहेर टाकताना तिच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. पहिले अंडे दिसेपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे, खाद्यच चालू ठेवा. मग आठवडाभर दोन्ही मिसळून द्या आणि त्यानंतर पूर्ण लेअरवर न्या.

राहिला वयाचा प्रश्न. व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या अंगाच्या जाती आणि खास अंड्यांसाठीचे संकर १८ ते २२ आठवड्यांत सुरू होतात. ब्रह्मा, कोचीन अशा थोराड जातींना सहा-सात महिने सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे कॅलेंडरपेक्षा कोंबडीकडे बघा. तुरा आणि गळ्याखालचे लोलक फिके, आखूड असतील तर अवकाश आहे. ते लालबुंद होऊन भरले की दोन-तीन आठवड्यांची गोष्ट. पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून खाली दबून बसली, तर अंडे अगदी जवळ आले. खात्री करायची असेल तर संध्याकाळी तिला काखेत धरा आणि शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपा. त्यांच्यामध्ये एकच बोट मावत असेल तर थांबा. दोन-तीन बोटे मावली आणि मागचे द्वार रुंद, ओलसर लागले, तर ती तयार आहे.

एवढे होऊनही अंडे नसेल, तर उजेड मोजा. अंडाशय जागा होतो तो दिवस लांबल्यामुळे. १४ ते १६ तास उजेड मिळाला की कोंबडी चांगली घालते. दिवस लहान होत जाणाऱ्या काळात वयात आलेल्या तलंगा महिना-दोन महिने सहज रेंगाळतात. खुराड्यात पहाटे मंद दिवा लावून आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या. संध्याकाळी लावू नका. दिवा एकदम मालवला की रात्री बसायच्या दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात खालीच चाचपडत राहतात. अंग न भरलेल्या तलंगेला मात्र उजेड वाढवून देऊ नये. लहान चणीची कोंबडी लवकर घालू लागली की अंडे अडकते किंवा अंडनलिका बाहेर येते.

आणि हो, मोकळ्या फिरत असतील तर एकदा झुडपांखाली, लाकडांच्या ढिगामागे शोधून या. दोन-तीन दिवस दुपारपर्यंत खुराड्यातच कोंडून ठेवले तर चोरटी कोण ते लगेच कळते, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात. सहांपैकी एखादीच्या मानेची पिसे टोकदार, चकचकीत दिसत असतील, तर तिच्याकडून अंड्याची अपेक्षा सोडा. तो कोंबडा आहे.

प्रश्न : पहिली अंडी फारच लहान आहेत आणि एक तर कवचाशिवाय, नुसते पातळ कातडीचे निघाले. आजार आहे का?

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असे चालतेच. अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास एकट्या कवचाचे. ही लय बसेपर्यंत कधी मऊ अंडे, कधी दोन बलकांचे, कधी बलकच नाही. महिन्याभरानंतरही कवच पातळच राहिले तर शिंपल्यांचा भरड चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्यात कालवू नका; जिला हवा ती हवा तेवढा टिपते. मऊ अंडे दिसताच उचला, नाहीतर फोडून खायची चटक लागते आणि ती मोडणे महाकठीण.

प्रश्न : अंडी पेटीत न घालता कोपऱ्यात घालतात.

चार-पाच कोंबड्यांना एक पेटी, साधारण ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच. ती रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली हवी. वर असेल तर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि घाण करतात. आत कोरडे गवत घाला, तोंडाशी पोत्याचा तुकडा टांगून अंधार करा आणि लाकडाचे खोटे अंडे ठेवा. कोपऱ्यातली आवडती जागा विटा रचून बुजवा.

प्रश्न : कोंबडा नसेल तर अंडी मिळतील का?

मिळतील, तेवढीच. फक्त त्यातून पिल्ले निघणार नाहीत.