गप्पांचे शास्त्र कसे होते?

प्रश्न : मी समाजशास्त्राची पदवीची विद्यार्थिनी आहे. प्रश्नावली घेऊन फिरले तर चार दिवसांत गावातली शंभर घरे होतात. मग मानवशास्त्राचे अभ्यासक क्षेत्रकार्यासाठी एकाच गावात वर्ष वर्ष का राहतात? आणि लोकांशी मारलेल्या गप्पांना शास्त्र कसे म्हणायचे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या प्रश्नावलीत ‘तुमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालते का?’ असा एक प्रश्न आहे, असे धरू. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत त्याचे उत्तर ‘हो, चालते’ असे मिळेल आणि ते खोटेही नसेल. पण त्याच घराच्या ओसरीवर बसून आजीकडून चार पिढ्यांची वंशावळ उतरवून घेतली, कोणाची लेक कोणत्या गावी दिली, कोणती सोयरीक ठरून मोडली, हे एकेका नावापुढे लिहीत गेले, की अशी लग्ने खरोखर किती झाली आणि ती जमिनीसाठी झाली की मामाने शब्द दिला होता म्हणून झाली, हे हळूहळू दिसू लागते. काय व्हायला हवे, काय होते असे लोक सांगतात आणि प्रत्यक्षात काय घडते, यांतले अंतर टिपणे हे क्षेत्रकार्याचे मुख्य काम आहे, आणि त्यासाठी आजीने ‘बस, चहा घे’ म्हणण्याइतकी ओळख व्हावी लागते.

दीर्घ मुक्कामाची ही रीत पक्की होण्यात मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की यांचा वाटा मोठा आहे. १९१५ ते १९१८ या काळात त्यांनी न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रिआंड बेटांवर दोनदा दीर्घ मुक्काम केला. त्यांनी गावातच तंबू ठोकला आणि तिथली भाषा शिकून घेतली. त्या भागात ‘कुला’ नावाची देवघेव चालते : लाल शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात, तर पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने, आणि हाती आलेली वस्तू कोणी कायमची ठेवून घेत नाही. प्रत्येकाला आपला भागीदार कोण, आपली माळ कोणाकडून आली, हे नेमके ठाऊक होते; मात्र या साऱ्या फेऱ्यांचे एकसंध चित्र कोणाही एकाजवळ नव्हते. ते अनेकांच्या सांगण्यातून, होड्यांच्या तयारीतून आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या देवघेवीतून जुळवावे लागले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या जुळवणीत दिसते.

एरवी शिस्त साधी, पण कष्टाची आहे. दिवसभराचे त्याच रात्री लिहायचे. तारीख, ठिकाण आणि त्या वेळी हजर असलेली माणसे नोंदवायची. पाहिलेले, ऐकलेले आणि आपल्याला वाटलेले यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. सांगणाऱ्याची संमती घ्यायची आणि त्याला त्रास होईल असे काही नावानिशी छापायचे नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

प्रश्न : अभ्यासक समोर असला की लोक वेगळे वागणार नाहीत का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सुरुवातीला वागतातच. महिन्यामहिन्यांचा सहवास, पेरणी-कापणी, एखादे लग्न आणि एखादे भांडण पाहून झाले की ते अवघडलेपण पुष्कळ कमी होते. पण अभ्यासक कोण आहे, हे लोक कधीच विसरत नाहीत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, ज्याला त्यांनी लेखनात ‘रामपुरा’ म्हटले. तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्याकडून ब्राह्मणाला शोभेल अशाच वागण्याची अपेक्षा ठेवली, आणि त्यामुळे गावात कोणाकडे किती मोकळेपणाने जाता येईल यालाही मर्यादा पडल्या. त्यांनी ही मर्यादा लपवली नाही. माझ्या मते प्रामाणिक क्षेत्रकार्याची ओळख यातच पटते, कारण अभ्यासक कुठे उभा होता हे कळल्याशिवाय त्याला काय दिसले याची किंमत वाचकाला ठरवता येत नाही.

आपल्याच माणसांत काम करताना हे अधिक टोचते. डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे पंढरीच्या वारीत पायी चालल्या. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत. स्वयंपाक आणि पंगती मात्र वेगळ्या. हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी वारीवरच्या लेखात उघड लिहिले आहे. त्यांनी मराठा बायकांबरोबर जेवण घेतले, तेव्हा त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असे काही जणी म्हणाल्या. तेव्हा त्यांतल्या एका तरुण मुलीने विचारले की, आता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना? हा साधा प्रश्न जिव्हारी लागल्याचे कर्वे यांनी लिहिले आहे, आणि लेख छापताना तो त्यांनी गाळलेला नाही.