ब्रूस डिकिन्सनचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' ऐकण्यासारखा आहे, की म्हातारपणी नुसतं नाव विकणं चाललंय?

ऐका, जरूर ऐका. मात्र 'आवाज अजून तस्साच आहे हो' असं सांगून कोणी तुम्हाला हा अल्बम ऐकायला लावत असेल, तर त्याचं मनावर घेऊ नका. आवाज तसा राहिलेला नाही. माझ्या मते अल्बम जमलाय तो याच कारणाने.

भुसावळला रेल्वेत असलेला माझा एक मित्र आहे, डिकिन्सन ज्यात गातो त्या आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा काळा टी-शर्ट विटून राखाडी झाला तरी सोडत नाही. त्याला मी लिंक पाठवली तर उलट टपाली, 'त्याना गयामा आते काय ऱ्हायनं भाऊ?' (त्याच्या गळ्यात आता काय राहिलंय?) तुमची शंकाही तीच, फक्त तुम्ही सभ्य भाषेत विचारलीत.

शंका वाजवी आहे. डिकिन्सनचा जन्म १९५८चा. १९८१मध्ये तो मेडनमध्ये आला, १९९३मध्ये बाहेर पडला, १९९९मध्ये परतला. हा अल्बम १ मार्च २०२४ला आला तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. आधीचा सोलो, म्हणजे बँडशिवाय स्वतःच्या नावावरचा, अल्बम २००५चा, म्हणजे मध्ये एकोणीस वर्षं गेली. त्या काळात बँडचे जगभरचे दौरे झाले. दौऱ्यावर बँडचं बोइंगही हाच पठ्ठ्या चालवायचा. २०१५मध्ये मात्र जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ असल्याचं जाहीर झालं. रेडिएशन, केमो, सगळं झालं. आता स्वरांचे आकार बरेचसे जिभेच्या ठेवणीवर ठरतात आणि रेडिएशनने तोंड कोरडं पडतं. गायकाचं याहून वाईट काय व्हायचं? तरी पुढच्याच वर्षी तो मेडनबरोबर मंचावर उभा होता.

तर आवाजाचं नेमकं काय झालं, हे ऐकायची सोय त्यानेच करून ठेवलीय. मेडनच्या २०१५च्या 'द बुक ऑफ सोल्स'चं पहिलं गाणं 'इफ इटर्निटी शुड फेल'. ते मुळात डिकिन्सनने स्वतःच्या सोलो अल्बमसाठी लिहिलेलं, बँडने मागून घेतलं. ते रेकॉर्ड झालं उपचारांच्या आधी. या अल्बममध्ये तेच गाणं 'इटर्निटी हॅज फेल्ड' नावाने पुन्हा आलंय. दोन्ही पाठोपाठ लावा. जुन्यात तो वरच्या सुरावर झडप घालतो, तिथेच टिकून राहतो. नव्यात आवाज जाड झालाय, कडांना खरखर आहे, आणि शब्द जास्त चावून म्हटलेत. मला नवं जास्त भिडतं. मित्राला जुनं. यावर आमचं भांडण सुरूच आहे.

आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवीच्या सणाच्या रात्री गाणी म्हणणाऱ्या बायांमध्ये एखादी म्हातारी असते ना, जिचा आवाज केव्हाच बसलाय पण सुरुवात तिनेच करायची असते? ती वर चढायच्या भानगडीतच पडत नाही. खाली धरते, शब्द ओढून धरते, आणि पोरीसोरी तिच्या मागून येतात. डिकिन्सनने बऱ्याच कडव्यांत हेच केलंय. 'रेन ऑन द ग्रेव्ह्ज'मध्ये तर तो अर्धं गाणं नाटकातल्यासारखं बोलतोच, स्मशानात सैतान भेटल्याची गोष्ट सांगत. मग ध्रुपदाला वर जातो, आणि तिथे चढताना लागलेली ताकद ऐकू येते. विशीतल्या गायकाने हे लपवलं असतं.

सगळ्यात उघडा आवाज 'फेस इन द मिरर'मध्ये आहे. दारूत बुडालेल्या माणसाचं गाणं, साधी अकूस्टिक गिटार, मागे लपायला काही नाही. हेडफोनवर एकट्याने ऐका.

एक गंमत. शेवटचं 'सोनाटा' जवळजवळ दहा मिनिटांचं आहे, आणि त्यातलं गाणं बरंचसं पंचवीसेक वर्षांपूर्वी, तिथल्या तिथे सुचेल तसं गाऊन रेकॉर्ड केलेलं. ते इतकी वर्षं पडून होतं. म्हणजे एकाच अल्बममध्ये चाळिशीतला डिकिन्सन आणि पासष्टीतला डिकिन्सन दोघेही हजर. 'बघा, शेवटी आवाज कसा मोकळा लागलाय' असं म्हणणाऱ्यांना हे सांगा, मजा येते.

संगीताचा निम्मा भार रॉय झीवर आहे. गिटार त्याची, निर्मिती त्याची. १९९४च्या 'बॉल्स टू पिकासो'पासून तो सोबत आहे, त्यामुळे या माणसाचा आवाज कुठे सैल सोडायचा आणि कुठे गिटारने झाकायचा हे त्याला ठाऊक आहे. 'रिझरेक्शन मेन'च्या सुरुवातीला गिटार एकदम जुन्या काऊबॉय सिनेमासारखी वाजते, तिथे मी हसलोच. कीबोर्ड मात्र काही ठिकाणी नको इतके पसरलेत. 'फिंगर्स इन द वूंड्स' मी सरळ पुढे ढकलतो. सोबत बारा अंकांची कॉमिकही आहे, मेलेल्या माणसाचा आत्मा पकडून ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांची. तिच्यावाचून गाण्यांचं काही अडत नाही.

दहा गाणी, तासाच्या आत संपतात. जळगावहून सुरत लाइनच्या गाडीत बसलात तर धरणगाव-अमळनेरकडे कुठेतरी 'सोनाटा' लागतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. खालच्या पट्टीतली गिटार त्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी वाटते आणि मग लोक दोष गायकाला देतात.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर 'आफ्टरग्लो ऑफ रॅग्नारोक'ने सुरू करा, ते पहिलंच आहे, मग थेट 'फेस इन द मिरर'. दोन्ही पटली नाहीत तर हा अल्बम सोडा आणि १९९८चा 'द केमिकल वेडिंग' लावा. इंग्लिश कवी विल्यम ब्लेकच्या कवितांभोवती बांधलेला आहे, तिथे मेडनचा एड्रियन स्मिथही गिटारवर आहे, आणि तुम्ही शोधताय तो कडक आवाज तुम्हाला तिथे भरपूर मिळेल.