सिदी बुझिदच्या फळगाडीपासून सुरुवात कर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. पण अरब समाजांतल्या अशांततेवर लिहिताना धर्म आणि टोळ्यांना तू निम्मी पानं दिलीस, आणि रोजगार ढकललास शेवटच्या प्रकरणात. हा क्रम उलटा कर, असं मी तुला अगदी कळकळीनं सांगतो.

अरब लीगमधल्या 22 देशांना एकाच दावणीला बांधू नकोस. कतारचा नोकरदार आणि सुदानचा शेतकरी यांची दुखणी वेगळी आहेत. तू ट्युनिशिया घे. तिथे तेल जेमतेम आणि लष्कर सत्तेपासून बऱ्यापैकी दूर, त्यामुळे पोटापाण्याचा धागा स्पष्ट दिसतो.

17 डिसेंबर 2010 रोजी सिदी बुझिद गावात पालिकेच्या लोकांनी मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याचा वजनकाटा जप्त केला. काटा नाही तर धंदा नाही, आणि माल तर उधारीवर उचललेला. दाद मागायला तो गव्हर्नरच्या कचेरीत गेला. तिथे कुणी ऐकून घेतलं नाही, तेव्हा त्यानं कचेरीसमोरच स्वतःला पेटवून घेतलं. तो पदवीधर होता, अशी बातमी जगभर पसरली. ती चुकीची होती. त्याचं शाळेचं शिक्षणही अर्धवटच राहिलं होतं. पण ती लोकांना चटकन पटली, कारण पदवी घेऊन रिकामी बसलेली मुलं तिथे घरोघरी होती. महिन्याभरात, 14 जानेवारी 2011 ला, राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

ही ठिणगी आभाळातून पडली नव्हती. 2008 मध्येच ट्युनिशियाच्या आतल्या भागातल्या गफ्साच्या खाणपट्ट्यात फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीची यादी लागली आणि वशिल्याची नावं पाहून रदेयेफ गाव पेटलं. आंदोलन कित्येक महिने चाललं. फॉस्फेट निघायचं त्यांच्या डोंगरांतून, प्रक्रिया व्हायची किनाऱ्यावरच्या गाबेस आणि स्फॅक्समध्ये. किनारा आणि आतला मुलूख यांच्यातली ही दरी म्हणजे तुझ्या प्रबंधाचा कणा.

पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. 2013 मध्ये विरोधी पक्षांच्या दोन नेत्यांचे खून झाले, देश यादवीच्या काठावर आला. तेव्हा कामगारांचा महासंघ आणि मालकांची संघटना, एरवी एकमेकांसमोर दंड थोपटणारे, वकील आणि मानवाधिकार संघटनांसह एकत्र आले आणि त्यांनी पक्षांना चर्चेला बसवलं. 2014 ला राज्यघटना आली, 2015 ला या चौघांना शांततेचं नोबेल मिळालं. पण समझोता झाला तो सत्तेचा. सिदी बुझिदच्या पोरांना काम मिळालं नाही. म्हणूनच 25 जुलै 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा कितीतरी लोक आनंदानं रस्त्यावर उतरले. ज्या शांततेत हाताला काम नाही, तिच्यासाठी लोक फार काळ झुंजत नाहीत.

आणि बेकारीचा टक्का देऊन मोकळी होऊ नकोस. सिदी बुझिद जिल्ह्यातच शेतमजूर बायका पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीनं उभ्या राहून कामाला जातात. एप्रिल 2019 मध्ये अशाच एका गाडीच्या अपघातात अनेकजणींचा जीव गेला. आकडेवारीच्या लेखी या बायका बेकार नाहीत, पण त्यांच्या कामाला काय म्हणायचं, हे तुझ्या प्रबंधात आलंच पाहिजे.

तुलनेसाठी इजिप्तची रोटी पाहा. जानेवारी 1977 मध्ये अनुदान कापताच दोन दिवस दंगली झाल्या आणि राष्ट्राध्यक्ष सादात यांना निर्णय मागे घ्यावा लागला. त्या धसक्यानं पुढे स्वस्त रोटीचा 5 पियास्त्र (पियास्त्र म्हणजे इजिप्ती पाउंडाचा शंभरावा भाग) हा भाव जून 2024 पर्यंत तीन दशकांहून अधिक काळ हलला नाही. वजन मात्र हललं: 2020 मध्ये 110 ग्रॅमची रोटी 90 ग्रॅमवर आली. यमनवर एक टीप पुरे. 1990 मध्ये सौदीतून लाखो यमनी मजूर परत धाडले गेले, मनीऑर्डरी आटल्या आणि 1994 मध्ये तिथे यादवी झाली. हे एकच कारण नव्हतं, तसं लिहूही नकोस. पण आखातातून येणाऱ्या पैशावर घर चालतं म्हणजे काय, हे कोकणात विचारलंस तर नीट कळेल.

पहिलं प्रकरण गफ्सा आणि सिदी बुझिदवर लिहून पाठव. अरबी चालू आहेच, जोडीला फ्रेंचही धर. ट्युनिशियाची बरीच सरकारी कागदपत्रं फ्रेंचमध्ये आहेत.

तुझा,
सर