प्रादेशिक हवामान मॉडेलचा १२ किलोमीटरचा डेटा पुराच्या अभ्यासात थेट वापरता येतो का?

थेट वापरू नका. तुमचं म्हणणं असं की जागतिक मॉडेलची चौकट (नकाशाचा सगळ्यात छोटा चौकोन, ज्याला मॉडेल एकच आकडा देतं) शंभरेक किलोमीटरची आणि प्रादेशिकची १२ची, मग नदीखोऱ्यासाठी दुसरंच जास्त भरवशाचं. पण चौकट बारीक झाली म्हणून उत्तर बरोबर येतंच असं नाही.

प्रादेशिक मॉडेल स्वतःच्या हद्दीपुरतंच गणित करतं. त्या हद्दीवरून वारा, बाष्प, तापमान किती आत येतंय हे त्याला जागतिक मॉडेलकडूनच मिळतं, साधारण दर सहा तासांनी. तिथे वाऱ्याची दिशाच चुकली असेल तर आतलं मॉडेल ती चूक जास्त रेखीव करून दाखवतं. डोंगर आणि किनारे असतील तिथे मात्र त्याचा खरा फायदा होतो. जागतिक मॉडेलमध्ये डोंगराचं पसरट टेकाड होतं, ओली बाजू आणि कोरडी बाजू एकाच चौकटीत जाते.

पावसाकडे नीट बघा. समजा, एका महिन्यात प्रत्यक्षात २०० मिमी पाऊस १० दिवसांत पडला. मॉडेल तोच २०० मिमी २५ दिवसांवर वाटतं, रोज ८ मिमी. महिन्याची बेरीज तंतोतंत जुळते, पण ८-८ मिमी जमिनीत मुरून जातात आणि नदीला पूर येतच नाही. हा रिमझिमीचा दोष फार मॉडेलांत आहे. म्हणून बेरजेआधी पावसाचे दिवस मोजा, मग क्वांटाइल मॅपिंगसारखी दुरुस्ती करा, म्हणजे मॉडेलच्या हलक्या-जोरदार पावसाची विभागणी प्रत्यक्ष नोंदींच्या विभागणीशी जुळवून घ्या.

फाइलीचं कॅलेंडरही तपासा. हॅडजेम२-ईएस या जागतिक मॉडेलचं वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना ३०चा, फेब्रुवारीसुद्धा. त्यावर चालवलेल्या बऱ्याच प्रादेशिक फाइलींत तेच उतरतं. मी पहिल्यांदा ते आकडे साध्या तारखांना ओळीने लावत गेलो. वर्षाला पाच-सहा दिवस सरकत ३० वर्षांत ऋतू पाच महिने पुढेमागे झाले, आणि नदी भलत्याच महिन्यात फुगलेली दिसली. हे कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझी पद्धत अशी: कॉर्डेक्समधून (प्रादेशिक मॉडेलांचे निकाल एकत्र देणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प) जागतिक-प्रादेशिक मॉडेलांच्या शक्य तितक्या जोड्या घ्यायच्या. मागची ३० वर्षं आणि पुढची ३० वर्षं यांतला फरक काढायचा आणि तो मोजमाप केंद्राच्या नोंदींना लावायचा. एकट्या चौकटीवर विसंबायचं नाही, आजूबाजूच्या चौकटींची सरासरी घ्यायची. सगळ्या जोड्यांचे निकाल पसरट आले तर तो पसारा अहवालात जसाच्या तसा द्यायचा, मधला एक आकडा उचलून नाही.

तुमचं खोरं दोन-तीन चौकटींएवढंच असेल आणि प्रश्न तासाभरात कोसळणाऱ्या पावसाचा असेल, तर हा डेटा पुरणार नाही. १२ किलोमीटरवर गडगडाटी ढग मॉडेलला थेट दिसत नाहीत, त्यांचा पाऊस अंदाजाच्या सूत्राने भरला जातो. त्यासाठी चौकट साधारण ४ किलोमीटरपेक्षा लहान हवी.