लघवीतून प्रोटीन जाते, मग ते खाण्यातून भरून काढायचे का?

नेफ्रॉटिक सिंड्रोमचे, म्हणजे मूत्रपिंडातून प्रोटीन लघवीत गळण्याच्या आजाराचे, निदान झाले की बहुतेक आईवडील समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. पाच वर्षांच्या एका मुलाच्या आईने तर त्याचे उत्तर स्वतःच ठरवून टाकले होते: सकाळी दुधात प्रोटीन पावडर, दुपारी दोन अंडी, रात्री पनीर. तरीही लघवीच्या तपासणीत ‘तीन प्लस’, म्हणजे भरपूर प्रोटीन जात असल्याची खूण, येतच होती आणि सकाळी उठल्यावर मुलाच्या पापण्या सुजलेल्या असत.

मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुच्छ असतात. त्यांच्या भिंतीतून पाणी आणि टाकाऊ द्रव्ये गाळली जातात, पण अल्ब्युमिन हे रक्तातले मुख्य प्रोटीन रक्तातच राहते, कारण बाहेरच्या बाजूने पोडोसाइट पेशींची बोटे एकमेकांत गुंतून अतिशय बारीक फटी राखत असतात. या आजारात ती बोटे सपाट होतात, भिंतीची पारगम्यता वाढते आणि अल्ब्युमिन लघवीत उतरते. शिवाय शरीरात मीठ साठू लागते, आणि त्यातूनच सूज येते. अशा वेळी जास्तीचे प्रोटीन देणे म्हणजे फुटक्या रांजणात घागरी ओतणे होय, कारण त्यातले बरेचसे लघवीवाटेच निघून जाते. वयाला साजेसा घरचा आहार पुरेसा असतो. आवर घालायचा तो मिठाला, म्हणजे पापड, लोणचे आणि फरसाण यांना.

ही गळती थांबवण्याचे काम स्टिरॉइडचे आहे. या वयातील बहुसंख्य मुलांना त्याचा गुण येतो, आणि गुण येणाऱ्या मुलांची मूत्रपिंडे सहसा पुढेही नीट काम करतात, हे ऐकल्यावर इतका वेळ गप्प बसलेल्या वडिलांनी ‘म्हणजे डायलिसिस नाही ना?’ असे विचारले. खरी भीती ती होती. पावडरचा डबा हा तिच्यावरचा उतारा होता.

आजार उलटू शकतो, बहुधा सर्दीतापानंतर, हेही मी लपवले नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी घरीच पट्टीने तपासून नोंद ठेवावी आणि सलग तीन दिवस तीन प्लस आल्यास डॉक्टरांना कळवावे. स्टिरॉइडमुळे चेहरा गोल झाला म्हणून त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. ते धोक्याचे असते. आणि तापासोबत पोट दुखू लागले, तर पट्टीची वाट न पाहता मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, कारण तो पोटातील जंतुसंसर्ग असू शकतो.