बाळासाठी खाट: वाड्याचं जुनं सागवान वापरावं का?

वहिनींना सातवा महिना लागलाय, गावाकडचा वाडा उतरवताना निघालेलं सागवान घरी आणून ठेवलंय, आणि त्याचा पाळणा करावा की कठड्याची खाट, असं तुम्ही विचारलंय. खाटच करा. बारशाला पाळणा हवाच, पण तो नात्यात कोणाच्या तरी माळ्यावर सापडतो. बाळ पालथं पडायला लागलं की पाळणा बंद करावा लागतो. खाट नीट केली तर मूल कठडा चढायला लागेपर्यंत चालते.

आता लाकूड. जुनं सागवान म्हणजे सोनंच. सोलापूरचे इतके उन्हाळे खाऊन ते पुरतं वाळलेलं असतं. वखारीतून आणलेलं ओलसर लाकूड मेच्या उन्हात आकसतं आणि सांधे खिळखिळे होतात, तो त्रास इथे नाही. पण तुम्ही लिहिलंय की दारांवर हिरव्या ऑइलपेंटचे थर आहेत, आणि मला सगळी काळजी त्याचीच वाटते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त शिसं नको, हा आपल्याकडचा नियम 2016 चा. असा रंग घासला की शिशाची बारीक धूळ घरभर बसते, ती श्वासातून, हातातोंडातून वहिनींच्या रक्तात जाते आणि तिथून वारेतून बाळापर्यंत पोचते. बाळाच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक असतं, आणि थोडं चालतं असं त्यात काही नाही. शिवाय दात यायला लागले की मूल उभं राहून कठड्याची वरची पट्टी चावतंच.

म्हणून दारं-चौकटी सरळ बाजूला ठेवा. त्यांना पॉलिश पेपर नको, ग्राइंडर नको, गॅलरीत बसून खरवडणंही नको. रंग कधीच न लागलेले वासे आणि तुळया निवडा. त्यांच्या पोटात मोडलेले खिळे असतात. लोहचुंबक फिरवून ते शोधा, उपटून काढा, मगच मशीनवर चिरायला न्या. कापणं, रंधा मारणं सगळं बाहेर, आणि काम झाल्यावर कपडे बदलूनच घरात या.

मापं काढण्याआधी गादी विकत आणा, आणि खाट गादीच्या मापाने करा. गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटांपेक्षा जास्त काही जाता कामा नये. गादी कडक हवी. आपली कापसाची मऊ गादी बाळाचं तोंड आत रुतवते. उभ्या पट्ट्यांमधली फट जास्तीत जास्त 2 इंच 3 सूत, म्हणजे 6 सेंटिमीटर. फट यापेक्षा मोठी असली की बाळाचं अंग त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. तेवढ्या जाडीचा एक ठोकळा कापून घ्या आणि प्रत्येक पट्टी बसवताना मध्ये धरा; टेपने मोजत बसलात तर शेवटच्या पट्टीपर्यंत फरक साचत जातो. पट्ट्या नुसत्या खिळ्यांनी ठोकू नका, वरच्या-खालच्या आडव्या लाकडात भोकं पाडून त्यात फेविकॉल लावून बसवा. कठडा गादीखालच्या फळीपासून 26 इंच उंच ठेवा. खाली सरकणारी बाजू करायचा मोह टाळा. तशा खाटांमध्ये मुलं अडकून दगावली, म्हणून अमेरिकेत 2011 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. कोपऱ्याच्या खांबांवर कळसही नकोत, अंगडं अडकतं.

पॉलिशला पाण्यात मिसळणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन घ्या. सकाळी लवकर, सावलीत, पातळ हात मारा. दुपारच्या उन्हात ते ब्रशखालीच सुकतं. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा. आठव्या महिन्याच्या आत शेवटचा हात झाला पाहिजे, म्हणजे वास जायला वेळ मिळेल.

आत उशी, लोड, दुलई काही नको. सोलापुरी चादर गादीवर ताणून खाली खोचली की पुरे, बाळाला उताणं झोपवा.

गादी आणलीत की लांबी-रुंदी कळवा, पट्ट्या किती लागतील ते काढून देतो.