चार्जर लावला की स्पीकरमधून हम येतो, चांगली केबल घेतली तर जाईल का?

तुमचं थोडक्यात असं दिसतंय: लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेला डीजे कंट्रोलर, तिथून आरसीए केबलने दोन पॉवर्ड (आतच ॲम्प असलेले) स्पीकर. चार्जर लावला की घूंऽऽ सुरू, काढला की बंद. सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबल घेऊ का, असं विचारलंय. घेऊ नका. मुलाम्याने कनेक्टर गंजत नाही, हम जायचा काही संबंध नाही.

एवढ्यावर थांबलो असतो. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘एक मित्र म्हणतो, स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाक.’ त्या वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

माझा मामेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आम्ही दोघं मिळून छोट्या पार्ट्या वाजवायचो. हम हा त्याच्या लेखी सोडवलेला प्रश्न होता. मिक्सर आणि दोन्ही स्पीकर, तिन्हींच्या प्लगची अर्थ पिन त्याने हॅक्सॉने कापली होती. हम खरंच गेला होता, ते नाकारत नाही. का गेला, तेही सांगतो. तीन पिनच्या चार्जरमधून अर्थ लॅपटॉपला येतो, यूएसबी केबलच्या जाळीतून (आतल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण) कंट्रोलरला, आरसीएच्या जाळीतून स्पीकरला आणि स्पीकरच्या प्लगमधून परत भिंतीत. झालं वर्तुळ पूर्ण. त्या वर्तुळात बारीकसा करंट फिरत राहतो. आरसीए केबलमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वायरही असते, त्यामुळे जाळीवर पडलेला व्होल्टेज थेट गाण्यात मिसळतो. ऐकू येतात ते भिंतीतल्या विजेचे 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटी. (पियानोवरचा खालचा जी 49 हर्ट्झचा. म्हणजे हम जीपेक्षा किंचित चढा लागतो. दादा म्हणायचा, जीमधली गाणी वाजव, कळणार नाही. मला कळायचं, आणि बेसूर कळायचं.)

पिन कापली की वर्तुळ तुटतं. पण मग आमच्या अख्ख्या सेटअपला अर्थ कुठून मिळत होता? फक्त लॅपटॉपच्या चार्जरमधून. हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

एका रात्री बोर्डवर जागा कमी होती म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवला. एक ओळखीचा मुलगा त्याचा गिटार ॲम्प घेऊन आला होता, दुसऱ्या सॉकेटवर, पिन शाबूत. गिटार गळ्यात, डावा हात तारांवर, आणि आमच्या माइकवर गायला तोंड नेलं. ओठ जाळीला टेकला आणि तो ‘स्स’ करून मागे सरकला. म्हणाला, मुंगी चावली. परत टेकवला, परत तेच. दादा म्हणाला, ‘हात ओले असतील तुझे.’ मी मल्टीमीटर काढला, एसी व्होल्टवर ठेवला, एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. शंभराच्या वर आकडा. मिक्सर-स्पीकरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये लाइन आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात. अर्थ नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. करंट नगण्य, म्हणून नुसती मुंगी. पण त्याच वेळी एखाद्या स्पीकरमध्ये लाइनची वायर सुटून बॉडीला चिकटली असती, तर फ्यूज उडाला नसता आणि पूर्ण 230 व्होल्ट त्या मुलाच्या ओठावर आले असते. त्यासाठीच ती पिन असते. दादाचं यावर अजूनही म्हणणं एकच: ‘काही झालं का? नाही ना?’

मग मी ईर्षेने डबा बनवायला घेतला. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, 600 ओहमला 600 ओहम, लेफ्ट आणि राइटला एकेक. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याने दोन बाजू जोडलेल्या नसतात, म्हणून वर्तुळ तुटतं आणि सगळ्यांचा अर्थ जिथल्या तिथे राहतो. चार आरसीए सॉकेट, आठ सांधे, तासाभराचं काम. देखणा ॲल्युमिनियमचा डबा घेतला, सॉकेट कसले, लावून बघितलं. घूंऽऽ. जसाच्या तसा. रात्री दोन वाजेपर्यंत सांधे काढून पुन्हा सोल्डर करत बसलो. शेवटी मीटर कंटिन्युइटीवर ठेवून इनपुटची बाहेरची कडी आणि आउटपुटची बाहेरची कडी यांना टोकं लावली. बीऽऽप. चारही सॉकेटच्या कड्या धातूच्या डब्यालाच टेकलेल्या होत्या. ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं डब्याने जोडून दिलं होतं. सकाळी तेच सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात टाकलं आणि शांतता. स्पीकरला कान लावला तर नुसती बारीक सळसळ. तुम्ही बनवलात तर आधी प्लॅस्टिकचा डबा घ्या, किंवा फायबरचे वॉशर असलेले सॉकेट घ्या.

आता केबलवाल्यांपेक्षा जास्त राग मला ज्याचा येतो ते. दादा म्हणाला, ‘तुझ्या डब्याने बास खाल्ला.’ आठ-नऊ वर्षं झाली, घरात कुणी भेटलं की हेच. आणि, लिहिताना जड जातंय, पण त्याचं बरोबर होतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या सुरांना लवकर भरतो. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की झेपणारा व्होल्टेजही निम्मा होतो. मी 40 हर्ट्झचा टोन पूर्ण आवाजात पाठवला तर पलीकडून फरफर आली. कंट्रोलरचा मास्टर 10 डीबीने खाली आणला, स्पीकरचा गेन तेवढाच वर नेला, फरफर गेली. म्हणजे डबा चुकीचा नव्हता, दादा मास्टर कायम लाल दिव्यात ठेवायचा. हे त्याला सांगितलंय. त्याला ते पटत नाही.

तर तुमचं. कंट्रोलरला बॅलन्स्ड आउटपुट आहेत का ते आधी बघा, एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर) किंवा टीआरएस (दांड्यावर दोन रिंगा असलेला जॅक). असतील आणि स्पीकरलाही तसे इनपुट असतील तर त्या साध्या केबल लावा, डबाबिबा काही लागणार नाही. बॅलन्स्डमध्ये जाळी सिग्नल वाहत नाही आणि दोन वायरींवर सारखाच आलेला हम इनपुट वजा करून टाकतो. फक्त स्पीकरलाच बॅलन्स्ड इनपुट असेल तरीही दोन वायर अधिक जाळीची केबल स्वतः बनवता येते: आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या 2 ला, आरसीएची बाहेरची कडी 3 ला, आणि जाळी फक्त एक्सएलआरच्या 1 ला, आरसीएच्या बाजूला मोकळी. श्रिंक ट्यूब सोल्डर करण्याआधी वायरवर चढवा. मी दर वेळी विसरतो.

दोन्ही नसेल तर डबा. कुठल्या कंपनीचा तयार डबा चांगला ते मला विचारू नका, मी एकदाही विकत घेतलेला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चार्जर दोन पिनचा असेल तर वर्तुळ नसूनही त्याची गळती आरसीएच्या जाळीतूनच स्पीकरच्या अर्थकडे जाते आणि कर्कश घरघर येते. डबा तिथेही चालतो. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशनवर लावल्याने कधीकधी अर्धा हम तसाच जातो, हे फुकटातलं आधी करा. माउस हलवला की आवाज बदलत असेल तर तो लॅपटॉपच्या आतला खळखळाट आहे. त्याला यूएसबी आयसोलेटर सुचवतील, पण स्वस्तातले बरेचसे 12 एमबीपीएसच्या वर जात नाहीत आणि 480 मागणारा कंट्रोलर त्यावर दिसतच नाही. आणि कंट्रोलरचा मास्टर शून्य केल्यावरही हम तेवढाच राहिला, तर तो कंट्रोलरच्या पुढे, केबलच्या टप्प्यावर शिरतोय.

टर्नटेबलचं विचारलं होतं ते राहिलं. हो, तिथे हम जास्त छळतो. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला भाग) जेमतेम 5 मिलिव्होल्ट निघतात आणि मिक्सरचा फोनो (टर्नटेबलसाठीचा) इनपुट ते शंभर पटीने वाढवतो, हमसकट. म्हणून आरसीएसोबत एक बारीक सुटी वायर असते, टोकाला चिमट्यासारखा कनेक्टर. ती मिक्सरच्या मागच्या जीएनडी (म्हणजे ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट दाबायची. दादाने त्याच्या टर्नटेबलची ती वायर जास्तीची म्हणून बुडाशी कापली होती. मी आत अर्धा सेंटिमीटर शिल्लक शोधून नवीन जोडून दिली.